तीन टक्के

गेल्या रविवारी पिठल्याने जीभ भाजली. तसं हे नवीन नाही. पिठलं वरून गार दिसतं, वर सायही धरलेली असते, म्हणून आपण मोठा घास घेतो आणि मग पाण्यासाठी धावतो. आमटीचं असं होत नाही. त्याच गॅसवरून, त्याच वेळी उतरवलेली आमटी दहा मिनिटांत खाण्याजोगी होते. आई म्हणाली, "घाई कुणी सांगितली होती?" आता यावर काय बोलणार! पण दुपारी आडवा झाल्यावर एक जुनी गोष्ट आठवली आणि झोपेचं खोबरं झालं. ती गोष्ट आज लिहून टाकतो.

पिठल्याचा हा प्रश्न सव्वादोनशे वर्षांपूर्वी एका माणसाने अगदी गंभीरपणे घेतला होता. काउंट रम्फर्ड. मूळचा अमेरिकन, नाव बेंजामिन थॉम्पसन, पुढे बव्हेरियाच्या राजदरबारी मोठा अधिकारी. तोफा कोरताना उष्णता कुठून येते हे विचारणारा तो हाच. १७९७ च्या एका निबंधात तो सांगतो की अ‍ॅपल पायने त्याचं तोंड वारंवार भाजायचं, आणि एकदा तासभर ठेवलेलं दाट तांदळाचं सूप पहिल्या चमच्याला गार लागलं आणि दुसऱ्या चमच्याने तोंड पोळलं. म्हणजे आमचंच पिठलं की हो!

उत्तर त्याला योगायोगाने मिळालं. एका प्रयोगासाठी बनवलेला मोठा थर्मामीटर त्याने गार व्हायला खिडकीत ठेवला होता. आत मद्यार्क होता, आणि त्यात थोडी धूळ गेली होती. नळीवर ऊन पडलं तेव्हा त्याला दिसलं की धुळीचे कण नळीच्या मधोमध वर चढतायत आणि कडेने खाली उतरतायत. गरम द्रव वर, गार द्रव खाली. शाळेत आपण ज्याला अभिसरण म्हणायचो ते त्याला प्रत्यक्ष दिसलं. पिठल्याचंही कोडं सुटलं. दाट पदार्थाला असं फिरता येत नाही, म्हणून आतली उष्णता आतच अडकते.

इथे थांबला असता तर बरं झालं असतं. पण रम्फर्ड थांबला नाही. त्याने जाहीर केलं की द्रवातून उष्णता फक्त अशी फिरूनच जाते, स्थिर द्रवातून ती जातच नाही. अजिबात नाही. यावर बरीच भांडणं झाली. एडिंबराच्या जॉन मरे यांनी तर चक्क बर्फाच्या भांड्यात द्रव घेतला आणि वरून उष्णता दिली. गरम द्रव वरच राहतो, म्हणजे अभिसरण नाही. भिंत बर्फाची, म्हणजे तिच्यातून उष्णता खाली सरकणार नाही. तरी खालचा थर्मामीटर चढला. थोडासाच, पण चढला. स्थिर द्रवातून उष्णता जाते, फक्त फार हळू जाते.

हे 'फार हळू' आमच्या धंद्याच्या मुळाशी येऊन बसलं आहे. कसं ते सांगतो. अभिसरण मोठ्या भांड्यांची चैन आहे. दोन आडव्या पत्र्यांमध्ये एक सेंटिमीटर जाडीचा पाण्याचा थर कोंडला आणि खालचा पत्रा वरच्यापेक्षा दहा अंश गरम ठेवला, तर पाणी मस्त फिरायला लागतं. तोच थर एक मिलिमीटरचा केला की फिरणं बंद. जाडी दहापट कमी केली तर फिरण्याची ओढ हजारपट कमी होते. हा हिशेब लॉर्ड रॅले यांनी १९१६ साली मांडला. म्हणजे लहान जागेत पाणी पातळ असूनही पिठल्यासारखं वागतं. तिथे आपोआप काही फिरत नाही. पंपाने ढकललं तर पुढे सरकतं, पण भिंतीपासून पाण्याच्या आतपर्यंत उष्णतेला त्या हळू वाटेनेच जावं लागतं.

१९८१ साली स्टॅनफर्डमध्ये टकरमन आणि पीझ या दोघांनी याचा उलटा फायदा घेतला. वाट हळू आहे ना, मग वाटच छोटी करा. सिलिकॉनच्या चकतीत त्यांनी ५० मायक्रॉन रुंदीच्या, म्हणजे साधारण केसाएवढ्या चरी कोरल्या आणि त्यातून पाणी सोडलं. एका चौरस सेंटिमीटरमधून ७९० वॉट उष्णता बाहेर काढली! घरातली इस्त्री एका चौरस सेंटिमीटरमागे जेमतेम पाच वॉट देते, यावरून अंदाज करा. पण चर जितकी बारीक तितका पंपावर ताण. चर लहान करून एका हद्दीपर्यंतच जाता येतं. मग साहजिकच पुढचा विचार येतो: पाणीच बदललं तर?

आता मॅक्सवेल. हो, तोच, विजेच्या समीकरणांवाला. १८७३ च्या त्याच्या ग्रंथात एक छोटं गणित आहे. एका माध्यमात दुसऱ्या पदार्थाच्या गोळ्या विखुरल्या तर त्या मिश्रणाची वाहकता किती? गणित विजेचं आहे, पण उष्णतेलाही तसंच लागू पडतं. त्याचं उत्तर फार निराश करणारं आहे. गोळ्या कितीही उत्तम वाहक असोत, त्या थोड्या असतील आणि सुट्या असतील तर वाढ त्यांच्या आकारमानाच्या तिप्पट. एक टक्का तांबं टाकलं तर वाढ तीन टक्के. बस्स.

तांबं पाण्यापेक्षा साडेसहाशे पटीने जास्त उष्णता वाहून नेतं, मग फक्त तीन टक्के का? नदी ओलांडायची आहे आणि मधे मधे दगड आहेत अशी कल्पना करा. दगडावरून तुम्ही पळत जाल, पण दोन दगडांच्या मधे पोहायचंच आहे. एकूण वेळ पोहण्याचाच. दगडांऐवजी संगमरवर बसवला तरी फरक शून्य. आणि त्या सूत्रात गोळीचा आकार कुठेच येत नाही. मोठी गोळी, बारीक गोळी, सगळं सारखं.

१९९५ मध्ये शिकागोजवळच्या अरगॉन प्रयोगशाळेतल्या स्टीफन चोई यांनी या जुन्या कल्पनेला नवं नाव दिलं: नॅनोफ्लुइड. धातूची पूड द्रवात घालायची कल्पना आधीही होती, पण पूड खाली बसायची, नळ्या तुंबवायची, पंप घासून काढायची. काही नॅनोमीटरचे कण मात्र तरंगत राहतात. इथवर सगळं ठीक. २००१ साली त्याच प्रयोगशाळेतून ईस्टमन, चोई आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. इथिलीन ग्लायकॉलमध्ये, म्हणजे गाडीच्या कूलंटमधल्या द्रवात, दहा नॅनोमीटरपेक्षा लहान तांब्याचे कण. प्रमाण फक्त ०.३ टक्के. मॅक्सवेलच्या हिशेबाने वाढ एक टक्क्याच्या आत. मोजलेली वाढ ४० टक्के! त्याच वर्षी तेलात एक टक्का कार्बन नॅनोट्यूब टाकून वाहकता अडीचपट झाल्याचंही छापून आलं.

मग काय, रांग लागली. २००३ मध्ये आयआयटी मद्रासच्या पटेल, दास, सुंदरराजन, प्रदीप आणि सहकाऱ्यांनी सोन्याचे कण असलेलं पाणी मोजलं. सोन्याचं प्रमाण ०.०००२६ टक्के. पुन्हा वाचा, शून्यं मोजा. वाढ ३० ते ६० अंश तापमानात ५ ते २१ टक्के. त्या काळात नॅनो हा शब्द कुठेही लावला की दार उघडत असे. मला आठवतं, आमच्या कॅन्टीनमध्ये बसून मीच कुणाला तरी सांगत होतो की पाच वर्षांत सर्व्हर रूममधले एसी जाणार. कुठून वाचलं होतं देव जाणे.

हे सगळं मला माहीत असण्याचं कारण माझा हॉस्टेलचा रूममेट. आम्ही दोघे एकाच वर्षी इंजिनियर झालो. मी मुकाट्याने कॅम्पसमधून नोकरी धरली. तो यंत्र शाखेचा, हुशार आणि हट्टी, त्याला पीएचडीच करायची होती. विषय मिळाला नॅनोफ्लुइड. कुठली संस्था ते सांगत नाही, आणि त्याने फरकही पडत नाही. त्याने अ‍ॅल्युमिनाच्या कणांचं एक टक्का मिश्रण बनवलं आणि मोजलं. वाढ आली तीन टक्के. पुन्हा केलं. पुन्हा तीन.

गाइडचं म्हणणं, तुझं काहीतरी चुकतंय. जगभर लोकांना दहा, वीस, चाळीस मिळतायत आणि तुला तीन? कण नीट पसरले नसतील. म्हणून त्याने आणखी तासन्‌तास अल्ट्रासॉनिकवर मिश्रण हलवलं. तार बदलली. खोलीचं तापमान स्थिर ठेवायला रात्री दोननंतर मोजायला लागला. तीन. मधे एकदा त्याला अकरा टक्के मिळाले तेव्हा गाइडनी पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी त्याला कळलं की त्या दिवशी तारेच्या टोकाचं वेष्टन सोलवटलं होतं. त्याने ते प्रामाणिकपणे सांगितलं. "तेव्हाच माझी पीएचडी संपली," असं तो नंतर म्हणायचा, हसत हसत.

ती तार काय भानगड आहे ते सांगायला हवं, कारण निम्मं रामायण तिथेच आहे. द्रवात एक अतिशय बारीक, बहुधा प्लॅटिनमची तार ताणून बसवतात. तिच्यातून वीज सोडली की ती तापते, आणि तापली की तिचा विद्युत्‌रोध वाढतो. म्हणजे एकच तार शेगडीही आणि थर्मामीटरही. द्रव उष्णता चांगला वाहून नेत असेल तर तार सावकाश तापते. तार किती वेगाने तापते यावरून द्रवाची वाहकता काढायची. दिसायला साधं. पण काही सेकंदांतच तारेभोवतीचा गरम द्रव वर चढायला लागतो. थोडा जरी वेळ जास्त मोजला तरी हे फिरणं हिशेबात शिरतं आणि वाहकता आहे त्यापेक्षा जास्त दिसते. रम्फर्ड परत हजर! शिवाय कण आणि त्यांना तरंगत ठेवणारी रसायनं घातलेलं पाणी वीजही वाहून नेतं. तारेचं वेष्टन नीट नसेल तर थोडी वीज पाण्यातून पळते आणि आकडा बिघडतो. आणि गंमत अशी की या बहुतेक चुका आकडा फुगवतात.

तिकडे सिद्धांतवाल्यांना आकडा खरा धरून कारण शोधायचं होतं. सगळ्यात आवडतं कारण ब्राऊनियन हालचाल. कण सतत थरथरत असतात, ते आपल्याबरोबर उष्णता नेत असतील. हे ऐकायला छान वाटतं. पण हिशेब कुणालाही करता येतो, मी एकदा लोकलमध्ये पाकिटाच्या मागे केला होता. आईनस्टाईनच्या १९०५ च्या सूत्राने दहा नॅनोमीटरचा कण पाण्यात किती वेगाने भटकतो ते काढा, आणि तेवढ्याच अंतरावर उष्णता पाण्यातून नुसती झिरपत किती वेळात जाते ते काढा. कणाला साधारण तीन हजार पट जास्त वेळ लागतो. पोस्टमन दारातून निघेपर्यंत पत्र पोचलेलं आहे! केब्लिन्स्की यांनी २००२ मध्येच अशा हिशेबाने हे कारण मोडीत काढलं होतं, आणि त्या निबंधावर चोई आणि ईस्टमन यांचीही नावं होती. तरी २००४ मध्ये जांग आणि चोई, २००५ मध्ये प्रॅशर आणि सहकारी यांनी ते पुन्हा वेगळ्या रूपात आणलं. कण स्वतः नेत नाही, पण हलताना आजूबाजूचं पाणी ढवळतो, असं. सूत्रं मोजलेल्या आकड्यांशी जुळायची. जुळणारच. जुळेपर्यंत फिरवायला त्यात स्क्रू होते.

मला यात हसण्याचा हक्क नाही. त्याच सुमारास मी एका रिपोर्टची क्वेरी ४० टक्के वेगवान केल्याची मेल सगळ्या टीमला पाठवली होती. का वेगवान झाली याचं कारणही लिहिलं होतं, इंडेक्स वगैरे, तीन परिच्छेद. खरं कारण हे की दुसऱ्यांदा चालवताना डेटा आधीच मेमरीत आलेला होता. माझा बदल काढून टाकला तरी ती तितकीच वेगवान होती. हे एका ज्युनियर मुलीने सगळ्यांसमोर दाखवलं. कारण खोटं नव्हतं, बरं का. इंडेक्सने वेग वाढतोच. फक्त इथे वाढला नव्हता.

आणि एका गोष्टीकडे त्या गर्दीत फारसं कुणी बघत नव्हतं. अगदी लहान आकाराला खरोखरच काहीतरी वेगळं घडतं, पण ते उलट्या दिशेने! १९४१ मध्ये रशियात कापित्सा यांना तांबं आणि द्रव हेलियम यांच्या सीमेवर तापमानाची उडी दिसली. दोन पदार्थ एकमेकांना चिकटलेले असले तरी उष्णतेला सीमा ओलांडताना अडखळावं लागतं. धातू आणि पाणी यांच्यातला हा अडथळा साधारण सहा-सात नॅनोमीटर जादा पाण्याच्या थराएवढा आहे. भांड्याच्या बाबतीत हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण कणाची त्रिज्याच पाच नॅनोमीटर असेल तर? तो कण आतून तांब्याचा असला तरी बाहेरच्या उष्णतेला जवळपास पाण्यासारखाच भासतो. म्हणजे मॅक्सवेलचे तीन टक्केसुद्धा मिळायचे नाहीत. कण जितका बारीक तितका फायदा कमी. जाहिरात नेमकी उलटी चालली होती.

२००६ पासून वारं बदलायला लागलं. इलिनॉय विद्यापीठात पुटनम, केहिल आणि सहकाऱ्यांनी तार बाजूला ठेवली आणि प्रकाशाचा किरण किती वाकतो यावरून मोजलं. सोन्याचे चार नॅनोमीटरचे कण, इथेनॉलमध्ये. त्यांना मिळालेली सगळ्यात मोठी वाढ १.३ टक्के, कमीजास्त ०.८. म्हणजे काही नाहीच म्हणा ना.

मग २००७ च्या सप्टेंबरमध्ये कोलोरॅडोतल्या कॉपर माउंटन इथे नॅनोफ्लुइडवाल्यांची परिषद भरली आणि तिथून एक साधी गोष्ट सुरू झाली, जी खरं तर पहिल्याच वर्षी व्हायला हवी होती. सगळ्यांनी एकच द्रव मोजायचा. एमआयटीच्या बुओन्जॉर्नो यांच्या पुढाकाराने तीसहून जास्त संस्थांना एकसारखे नमुने पाठवले गेले. कुणी तारेने मोजलं, कुणी प्रकाशाने, कुणी स्थिर तापमानाच्या पद्धतीने. निकाल २००९ मध्ये छापून आला. प्रत्येक नमुन्यासाठी बहुतेकांचे आकडे सरासरीच्या दहा टक्क्यांच्या आतबाहेर. सोन्याचे थोडेसे कण असलेल्या पाण्यात वाढ जवळपास शून्य. बाकीच्यांची वाढ मॅक्सवेलच्या सूत्रात लांबट कण आणि सीमेचा अडथळा धरला की जेवढी यायला हवी तेवढी. जगावेगळं काही नाही. सव्वाशे वर्षांहून जुनं गणित तसंच्या तसं उभं.

त्या निबंधावर सत्तरच्या आसपास नावं आहेत. त्यात केब्लिन्स्की आहेत, ब्राऊनियन सूत्रवाले जांग आहेत, मद्रासचे दास आणि सुंदरराजन आहेत, कल्पाक्कमचे जॉन फिलिप आहेत. मला ती यादी वाचायला फार आवडते. ज्यांचे जुने आकडे या निकालाने अडचणीत येणार होते त्यातल्या काहींनी स्वतःच्या हाताने मोजून त्यावर सही केली आहे. आमच्या क्षेत्रात हे किती वेळा पाहिलंय? मी तरी हाताच्या बोटांवर.

सगळे जुने आकडे खोटे होते असं मात्र नाही. कण सुटे न राहता साखळ्या करून चिकटले तर उष्णतेला धातूतून सलग वाट मिळते, म्हणजे नदीतले दगड जोडून पूल झाला, आणि मग मॅक्सवेलपेक्षा बरीच जास्त वाढ शक्य आहे, तीही जुन्याच गणिताच्या मर्यादेत. २००१ चे तांब्याचे ४० टक्के कदाचित त्यात बसतील. सोन्याचे बसत नाहीत. इतक्या कमी सोन्याचे कितीही पूल बांधले तरी वाढ एक टक्क्याच्या दहाव्या हिश्श्यापुढे जात नाही, हा हिशेबही पाकिटावर मावतो. आणि साखळ्या झाल्या की द्रव दाट होतो, खाली बसतो, पंपाला जड जातो. म्हणजे ज्यासाठी नॅनो आणलं तेच गेलं. पिठलं झालं.

माझ्या रूममेटने २००६ मध्येच पीएचडी सोडली. घरी वडील रिटायर होत होते, धाकटी बहीण लग्नाची होती, आणि तीन टक्क्यांवर कुणी प्रबंध मान्य करत नव्हतं. तो सॉफ्टवेअरमध्ये आला. आज टेस्टिंगमध्ये आहे आणि डेव्हलपर लोक त्याला टरकून असतात. "माझ्या मशीनवर चालतं" हे वाक्य त्याच्यासमोर म्हणायची कुणाची टाप नाही. २००९ चा निबंध मीच त्याला मेलने पाठवला होता. त्याचं उत्तर चार दिवसांनी आलं, दोन शब्दांचं: "वाचला. ठीक."

त्या पिठल्यानंतर संध्याकाळी त्याला फोन केला. विचारलं, तुझी ती वही आहे का अजून? बायकोने रद्दीत घातली असेल म्हणाला, पण तासाभराने एका पानाचा फोटो पाठवला. पेन्सिलीने काढलेला तक्ता, कडेला रात्रीची वेळ, २.४०, ३.१५. शेवटच्या ओळीत अकरा मोजण्यांची सरासरी, ३.१ टक्के.

मी मॅक्सवेलच्या सूत्रात एक टक्का अ‍ॅल्युमिना घालून बघितलं. २.९ येतात.